चित्रातले सुखी खेडे

इंग्रजी अमदानीतील जुनी कोरीव चित्रे तुम्ही पुस्तकांत पाहिली असतील. एका बाजूला डेरेदार झाड, सावलीत विसावलेली दोन-तीन माणसे, मध्ये संथ पाणी, मागे धूसर डोंगर. आपल्याला वाटते, तेव्हाचे खेडे किती सुखी होते! पण ते खरेच तसे होते का?

जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९१-९२ मध्ये मुंबई बेट व परिसराची बारा दृश्ये रेखाटली. त्यांचा छापील संच १८०० साली लंडनला निघाला. अशा छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरीत. खाचांत शाई भरून पृष्ठभाग पुसून घेत आणि वर ओलसर कागद दाबीत. छाप उलटा उमटतो. म्हणून पत्र्यावरचा देखावा आरशातल्यासारखा डावा-उजवा बदललेला असे.

मागचे डोंगर फिकट दिसतात, ते बरोबरच आहे. मधल्या हवेत प्रकाश विखुरतो. पण पुढे गडद झाड, मध्ये उजेड, दूर धूसरपणा ही मांडणी युरोपात सतराव्या शतकापासूनच रूढ होती. क्लोद लोरँच्या चित्रांतून ती पुढच्या चित्रकारांनी उचलली आणि इथल्या देखाव्यांवर बसवली. त्या मांडणीत माणूस बोटाच्या पेराएवढा; तो बहुधा बसलेला किंवा रमतगमत चाललेला.

मग काय गळते? आपले मीरा-भाईंदर साष्टी बेटाच्या उत्तरेस, वसईच्या खाडीकाठी आहे. इथली मिठागरे जुनी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी २७ ग्रॅमच्या आसपास आपले खायचे मीठ. म्हणजे एक किलो मिठासाठी सदतीसएक लिटर पाणी उन्हात आटवायचे. त्यासाठी भर उन्हाळ्यात बांध घालायचे, मीठ ओढायचे, डोक्यावरून वाहायचे. खाऱ्या पाण्याने पायांना चिरा पडत. विसाव्याच्या चित्रात हे कष्ट कुठे बसणार?

आणि रोगराई? ती तर चित्रात दिसतच नाही. खुद्द वेल्स याच साष्टीवर कान्हेरीची लेणी रेखाटताना तापाने आजारी पडला आणि १७९५ साली वारला.

म्हणजे चित्र खोटे नसते. ते निवडक असते.

करून पाहा : एखादे जुने निसर्गचित्र घ्या. वहीत दोन रकाने आखा. एकात ‘काय दिसते’, दुसऱ्यात ‘काय असायला हवे होते, पण दिसत नाही’ असे लिहा. शिक्षकांनी दुसऱ्या रकान्यावर वर्गात चर्चा घ्यावी. नंतर तुमच्या आजोबा-आजींना तो रकाना वाचून दाखवा. त्यात ते नक्कीच भर घालतील.