'माझे'वर एक ओळही नाही

चि. मनू,


तुझा लेख दोनदा वाचला. नारायण सुर्व्यांच्या 'माझे विद्यापीठ'वर लिहावंसं तुला वाटलं, याचाच मला फार आनंद झाला. पण पहिल्याच परिच्छेदात 'कवीला आत्मशोधाची ओढ लागली आहे' असं लिहून टाकलंस आणि पुढे ती ओढ शोधत बसलीस. ते वाक्य आधी काढ. ते कुठल्याही कवीला चिकटवता येतं.

मुंबईतल्या गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराला रस्त्यावर एक तान्हं मूल सापडलं. त्यांनी ते घरी नेलं, आपलं नाव दिलं. तेच हे नारायण सुर्वे. जन्मदाते कोण, हे कधीच कळलं नाही. म्हणजे 'मी कुठला' हे मागे जाऊन शोधायची वाटच बंद. म्हणूनच कवितेतला 'मी' मागे वळत नाही. बेघरपणा चार शब्दांत सांगतो आणि थेट दुकानांच्या आडोशाला, नगरपालिकेच्या फूटपाथवर येतो. या जागेला तू 'दैन्याचं चित्र' म्हटलंस, ते मला अजिबात पटलं नाही. फूटपाथ सगळ्यांना मोकळा तसा मलाही, इतकं सरळ तो बोलतो. मोठ्याने वाच, आवाज किती ताठ आहे ते कळेल.

आणि शीर्षक! 'विद्यापीठ' या शब्दावर पानभर लिहिलंस, जीवनाची शाळा वगैरे. 'माझे'वर एक ओळही नाही. शाळेत शिपायाचं काम केलेल्या माणसाने विद्यापीठ हा शब्द उचलला, हे मोठंच आहे. पण ज्याला रक्ताचं म्हणावं असं कुणी नव्हतं, तो अख्ख्या रस्त्याला आणि तिथल्या माणसांना 'माझे' म्हणतो, हे मला त्याहून मोठं वाटतं. आत्मशोध म्हणायचाच तर तो या शब्दात आहे. 1966च्या संग्रहालाही सुर्व्यांनी हेच नाव दिलं.

आता एक कर. पेन्सिल घे आणि 'मी', 'मला', 'माझे' असेल तिथे तिथे खूण कर. शेजारी समासात लिही, त्या जागी त्याच्यासोबत आणखी कोण आहे. कॉलेजात असताना मी हे केलं होतं. माझ्या प्रतीत ती माणसं अजून पुसट दिसतात, एकाखाली एक, दाटीवाटीने. त्याआधी मीही तुझ्यासारखंच 'एकाकी कवी' असं लिहिलं होतं. ते मग खोडावं लागलं.

रविवारी येशील तेव्हा तुझी प्रत घेऊन ये. दोघी मिळून समास ताडून पाहू. आईला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या