झोपेची गोळी आणि पाचवे शील

मद्य व मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याचे पाचवे शील आपण विहारात ग्रहण करतो. मग घरी पत्नीला अल्प्राझोलामच्या गोळीवाचून झोप येत नसेल, तर तिने शील मोडले काय? आम्हाला तसे वाटत नाही. गोळी डॉक्टरांनीच दिलेली असते. काही आठवड्यांचे औषध वर्षानुवर्षे चालू राहते आणि शरीराला त्याची सवय जडते.

अशा वेळी काही पती गोळ्या लपवितात वा फेकून देतात. हे धोक्याचे आहे. औषध एकाएकी बंद केल्यास झोप पार उडते, हातपाय कापतात, फिटसुद्धा येऊ शकते. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावी लागते. २०१४ पासून हे औषध एच-१ अनुसूचीत आहे. चिठ्ठीशिवाय ते आणून देऊ नये. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेत १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीचा सन्मान करणे व तिचा अवमान न करणे ही त्यांतील पहिली दोन. म्हणून टोमणे न मारता तिच्यासोबत दवाखान्यात जावे. रात्री ती जागी असेल, तर आपणही थोडा वेळ जागे राहावे. गोळी सुटायला महिने लागतात; तेवढा धीर धरणे हेही शीलपालनच होय.