यंत्राची ओळख आणि कर्नलाची निवड

लिनक्सचें नांव आमच्या पुष्कळ वाचकांच्या कानांवरून गेलें असेल. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठांत शिकत असलेल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा कर्नल लोकांपुढें ठेविला. कर्नल म्हणजे संगणकाचा कारभारी. कार्यक्रमांना स्मृति, तबकडी, पडदा, जें जें हवें तें तें त्याच्याच हातून मिळतें. परंतु वाड्यांत कोण कोण राहतें हें कारभाऱ्यासच ठाऊक नसेल, तर कारभार चालावा कसा? एकाच संचांतील लिनक्स एका घरीं जुन्या यंत्रावर बसवितात, दुसऱ्या घरीं अगदीं नव्या. दोहोंचे प्रोसेसर निराळे, तबकड्या निराळ्या, कार्डें निराळीं. तरी तो बहुधा दोन्हीकडे सुखानें चालू होतो. हें कसें घडतें तें येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे. उदाहरणास डेबियन घेऊं. इयन मर्डॉक यांनीं १९९३ सालीं सुरू केलेला हा लिनक्सचा संच आजहि स्वयंसेवकच चालवितात, आणि त्याच्या आरंभींच्या भाषांच्या यादींत मराठीहि आहे.

संगणकावर लिनक्स बसवून देणाऱ्या कार्यक्रमास इन्स्टॉलर म्हणतात. २००२ सालच्या डेबियन ३.० मध्यें यंत्राची ओळख पटविण्याचें काम बहुतेक बसविणाऱ्या माणसालाच करावें लागे. आरंभींच चार प्रकारच्या कर्नलांतून एक निवडावयाचा. मग नेटवर्कच्या कार्डास कोणता ड्रायव्हर लागतो तें याद्यांतून शोधून काढावयाचें. (ड्रायव्हर म्हणजे कर्नल आणि उपकरण यांमधील दुभाषी, असें समजावें.) आपल्या यंत्राच्या पोटांत कोणतें कार्ड आहे हें ज्याला ठाऊक नसे, त्याचें गाडें तेथेंच अडे. जून २००५ मध्यें डेबियन ३.१ निघाला, आणि त्यांतील नव्या इन्स्टॉलरनें ही चौकशी आपल्या अंगावर घेतली.

चौकशी करणें पूर्वीं सोपें नव्हतें, यास कारण होतें. जुन्या आयएसए पद्धतीच्या बहुतेक कार्डांना 'तूं कोण?' असें विचारण्याची सोयच नव्हती. ठराविक पत्त्यावर कांहीं अंक लिहावयाचे व काय उत्तर येतें तें पाहावयाचें. अंधारांत हात घालून चाचपण्याचाच हा प्रकार. त्या पत्त्यावर भलतेंच कार्ड असलें तर कधीं कधीं सारें यंत्र जागच्या जागीं गोठून जाई. १९९२ सालीं पुढें आलेल्या पीसीआय पद्धतीनें या रोगाचें मूळच उपटून काढलें.

पीसीआयच्या प्रत्येक उपकरणांत दोन क्रमांक नोंदलेले असतात. एक कारखानदाराचा, दुसरा त्या विशिष्ट मालाचा. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. १९७८ सालीं त्या कंपनीनें काढलेल्या प्रसिद्ध प्रोसेसरचें नांवहि हेंच, त्यामुळें तो विसरणें कठीण. कर्नल जागा होतांच खानेसुमारीच्या कारकुनाप्रमाणें दारोदार फिरतो. पीसीआयच्या नगरांत जास्तींत जास्त २५६ रस्ते, प्रत्येक रस्त्यावर ३२ घरें आणि प्रत्येक घरांत ८ खोल्या असूं शकतात. घर रिकामें असलें तर उत्तरांतील सोळाच्या सोळा बिट एक येतात. असा क्रमांक कोणत्याहि कारखानदारास दिलेला नाहीं. म्हणून घरीं कोणी नाहीं हें तेव्हांच कळतें.

क्रमांक मिळाले कीं कर्नल ते 'यूडेव्ह' नांवाच्या आपल्या मदतनिसास कळवितो. हा ड्रायव्हर अमुक क्रमांकांच्या उपकरणांसाठीं आहे, अशी नोंद प्रत्येक ड्रायव्हरच्या कर्त्यानें त्यांतच केलेली असते, व या नोंदींची मिळून एक मोठी खतावणी बनलेली असते. तींत क्रमांक सांपडला कीं योग्य तो ड्रायव्हर स्मृतींत चढतो. मौज अशी कीं क्रमांक अनोळखी असला तरी पुष्कळदां काम अडत नाहीं. कारण उपकरण आपला वर्गहि सांगतें. नांव ठाऊक नसलें तरी धंदा कळला, म्हणजे पुरें. उद्यां एखाद्या नव्या कारखान्यानें यूएसबीचा कळफलक काढला, तरी 'मी कळफलक आहें' एवढेंच तो सांगेल, आणि लिनक्स त्यास चालवील.

आतां कर्नलाची निवड. इन्स्टॉलर ज्या कर्नलावर स्वतः चालतो तो सामान्य, सर्वांस चालेल असा असतो. यंत्रावर कायमचा कोणता बसवावा हें त्यास निराळें ठरवावें लागतें. यासाठीं तो प्रोसेसरचीच साक्ष काढतो. विचारल्यावर प्रोसेसर आपल्या घराण्याचें नांव इंग्रजींतील बारा अक्षरांत सांगतो, 'जेन्युइन इंटेल' किंवा 'ऑथेंटिक एएमडी'. आणि अंगच्या गुणांची यादीहि देतो. त्या यादींत 'पीएई' ही खूण असली, तर बत्तीस बिटांचा प्रोसेसर ४ गिगाबाइटऐवजीं ६४ गिगाबाइटपर्यंत स्मृति हाताळूं शकतो. २०१३ सालच्या डेबियन ७ मध्यें बत्तीस बिटांच्या यंत्रांसाठीं मुख्यतः दोन कर्नल होते: पीएई असणारांसाठीं '६८६-पीएई', आणि इतरांसाठीं '४८६'. खूण दिसली तर पहिला, न दिसली तर दुसरा. साधा कर्नल चांगल्या यंत्रावर बसला तर थोडी शक्ति वायां जाते, एवढेंच. पीएईचा कर्नल तो गुण नसलेल्या यंत्रावर बसला, तर 'आवश्यक गुण या प्रोसेसरांत नाहीं' असें सांगून तो तेथेंच थांबतो, व घरच्या माणसांस यंत्र बिघडलें असें वाटतें. म्हणून संशय आला कीं धाकट्यास पसंत करावें, हें इन्स्टॉलरचें धोरण आम्हांस शहाणपणाचें वाटतें. साक्षहि नेहमी पुरी असतेच असें नाहीं. २००३ सालच्या सुमाराच्या कांहीं पेंटियम एम प्रोसेसरांत हा गुण असूनहि ते तो सांगत नसत; अशांसाठीं २०१४ सालीं कर्नलांत 'फोर्सपीएई' ही आज्ञा घालावी लागली.

आणखी एक पेंच आहे. तबकडीचा ड्रायव्हर तबकडीवरच ठेविला, तर तो वाचावयाचा कसा? पेटीची किल्ली पेटींतच राहिली! म्हणून आरंभीं लागणाऱ्या ड्रायव्हरांचें एक लहानसें गाठोडें कर्नलाबरोबरच स्मृतींत चढवितात. या गाठोड्यांत सर्व ड्रायव्हर भरावे कीं याच यंत्रापुरते, असें तज्ज्ञांसाठींच्या रीतीनें बसविल्यास इन्स्टॉलर विचारतो. शाळेंतील एका यंत्राची तबकडी काढून दुसऱ्यांत घालण्याचा प्रसंग येत असेल, तर सर्व भरावे. नाहींतर नव्या घरीं किल्लीच लागत नाहीं.

ओळख पटूनहि कांहीं उपकरणें मुकीं राहतात, विशेषतः वायफायचीं कार्डें. त्यांस फर्मवेअर नांवाचा कारखानदाराचा मजकूर आधीं भरवावा लागतो, आणि तो बहुधा मुक्त नसल्यामुळें डेबियन तो आपल्या मुख्य इन्स्टॉलरमध्यें घालीत नसे. २०२२ सालीं सभासदांनीं मतदान करून हा निर्बंध सैल केला, व जून २०२३ मधील डेबियन १२ पासून फर्मवेअर बरोबरच येऊं लागलें. तत्त्वनिष्ठांस हें रुचलें नाहीं. ज्यांच्या घरीं दुसरें जाळें नव्हतें त्यांची मात्र सोय झाली.

ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेल्या डेबियन १३ मध्यें बत्तीस बिटांच्या यंत्रांसाठीं कर्नलहि नाहीं आणि इन्स्टॉलरहि नाहीं. हें वाचून घरांतील जुनें यंत्र कोणी लगेच भंगारांत देऊं नये. २००६ नंतरच्या पुष्कळ यंत्रांवर बत्तीस बिटांची प्रणाली बसविलेली असली तरी आंतला प्रोसेसर चौसष्ट बिटांचा असतो. त्यावर कोणताहि लिनक्स चालू करून 'प्रोक' या फोल्डरांतील 'सीपीयूइन्फो' ही फाईल उघडावी आणि गुणांच्या यादींत 'एलएम' हीं दोन अक्षरें शोधावीं. तीं सांपडलीं, तर चौसष्ट बिटांचा कर्नल त्या यंत्रावर चालेल.