मूल सांगू लागते तेव्हा
(बालकांवरील अत्याचाराच्या तपासात प्राथमिक शिक्षकाचे कर्तव्य)

छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत धाडणे ज्या क्षणी पालकांवर बंधनकारक झाले, त्याच क्षणी त्या मुलाच्या सुरक्षिततेचा भारही शाळेने पत्करला. घराबाहेरच्या ज्या प्रौढ माणसाशी मुलाचा नित्य संबंध येतो, तो म्हणजे त्याचा शिक्षक. म्हणूनच एखाद्या मुलावर अत्याचार झाला, तर ती गोष्ट प्रथम ऐकण्याचा प्रसंग पुष्कळदा शिक्षकावर येतो. अशा वेळी काय करावे आणि काय टाळावे, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

१. धोका कोठून असतो?

मुले पळवून त्यांची हत्या करणाऱ्या टोळीचे प्रकरण १९९६ साली कोल्हापुरात उघडकीस आले. ते आपल्या जिल्ह्याच्या स्मरणात आहे. तेव्हापासून अनोळखी माणसाचे भय आपण मुलांना आवर्जून घालतो. ते योग्यच आहे. पण तेवढे पुरेसे नाही. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील पाहणी प्रसिद्ध केली. तीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक त्रासाचा अनुभव सांगितला, आणि त्रास देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे व विश्वासातले होते. मूल गप्प राहते त्याचे मुख्य कारण येथे सापडते. ज्याचे नाव घ्यावयाचे, तो त्याच्याच घरचा, शेजारचा किंवा शाळेतला असतो.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम, ज्यास व्यवहारात ‘पॉक्सो’ म्हणतात, १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे. त्यात १८ वर्षांखालील मुलगा व मुलगी दोघांनाही संरक्षण आहे. लैंगिक हेतूने केलेला स्पर्श, अश्लील बोलणे वा हावभाव, अश्लील चित्रे दाखविणे, तसेच त्याच हेतूने वारंवार पाठलाग करणे, मग तो वाडीवरून शाळेकडे येणाऱ्या वाटेवर असो की मोबाईलवर, हे सारे अपराध आहेत. अपराधी शाळेचा कर्मचारी असेल, तर अत्याचाराची शिक्षा अधिक कडक होते.

२. कळविणे ऐच्छिक नाही

असा अपराध घडल्याचे ज्यास समजले, त्याने तो स्थानिक पोलिसांस किंवा विशेष बाल पोलीस पथकास कळविलाच पाहिजे, असे अधिनियमाचे कलम १९ सांगते. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हाताखालील माणसाने केलेला अपराध संस्थाप्रमुखाने लपविल्यास ही कैद एक वर्षापर्यंत असू शकते. सद्भावनेने खबर देणाऱ्यावर मात्र कोणतेही दायित्व येत नाही. मुख्याध्यापकांना सांगितले म्हणजे आपले काम संपले, ही समजूत चुकीची आहे. सखी सावित्री समितीपुढे विषय ठेवण्यासाठी खबर थांबवून ठेवणेही तितकेच चुकीचे आहे.

या बाबतीत आपल्याच राज्यातील एक प्रकरण मननीय आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका शाळेच्या वसतिगृहात अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ साली उघडकीस आले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरास ही गोष्ट समजली असूनही त्याने ती कळविली नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्याविरुद्धची कारवाई रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरविला. डॉक्टर दोषी की निर्दोष, हा प्रश्न त्या निकालात नव्हता. परंतु माहिती असूनही न कळविणे हा गंभीर अपराध आहे आणि पुष्कळदा तो अपराध्याला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असे न्यायालयाने बजावले. डॉक्टराच्या जागी शिक्षक कल्पिला, तर या निकालाचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको.

३. ऐकण्याची रीत

समजा, इयत्ता चौथीतील एक मुलगी काही दिवसांपासून शाळा सुटल्यावर घरी जाण्यास टाळाटाळ करते. अक्षर बिघडले आहे, डबा तसाच परत जातो. एके दिवशी ती बाईंना म्हणते, “बाई, काका मला नको तसं करतात.” येथे बाईंचा पहिला शब्द फार महत्त्वाचा आहे. “असं कसं होईल? काका चांगले आहेत,” एवढे म्हटले तरी मुलगी कायमची मिटते. उलट “त्यांनी तुला इथे हात लावला ना?” असे विचारले, तर उत्तर मुलीचे राहत नाही, ते बाईंचे होते. पुढे न्यायालयात आरोपीचे वकील हेच दाखवून देतील.

म्हणून शांतपणे बसावे, “मग काय झालं?” एवढेच विचारावे आणि मुलगी जेवढे सांगेल तेवढे ऐकावे. तिचा दोष नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. “मी कोणालाच सांगणार नाही,” असे वचन मात्र देऊ नये. कारण ते पाळता येणार नाही आणि मोडले तर तिचा उरलासुरला विश्वासही जाईल. “जे तुला मदत करतील त्यांनाच मी सांगेन,” हे वचन खरे आहे. तीच हकीकत मुख्याध्यापकांपुढे, मग पालकांपुढे, मग आरोपीसमोर पुन्हा वदवून घेणे हा दुसरा अत्याचारच होय.

४. टिपण व पुरावा

मुलगी वर्गात परतताच तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. ती ‘नको तसं’ म्हणाली असेल तर तेच लिहावे, आपल्या प्रमाण भाषेत ते सुधारू नये. दिनांक, वेळ, आपण विचारलेला प्रश्न आणि स्वतःची सही असावी. अनुमान लिहू नये. घटना ताजी असल्यास अंगावरचे कपडे धुऊ नयेत व ते कागदी पिशवीत ठेवावेत. आरोपीस जाब विचारण्यास कोणी जाऊ नये. त्याने पुरावा नाहीसा होतो व मुलास धाक बसतो.

५. पुढे पोलीस काय करतात?

खबर लेखी नोंदविली जाते व खबर देणाऱ्यास वाचून दाखविली जाते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता आणि मुलाच्या विश्वासातील व्यक्तीसमोर घ्यावयाचा असतो. मुलास रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करते, आणि गुन्हा नोंदविला गेला नसला तरी ती होऊ शकते. २४ तासांच्या आत बालकल्याण समितीस व विशेष न्यायालयास कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ही माहिती घाबरलेल्या पालकांस समजावून सांगणे हेही शिक्षकाचेच काम आहे. मुलाचे नाव व ओळख मात्र चावडीवर, शिक्षक कक्षात किंवा मोबाईलवरील गटात जाता कामा नये. अडचण आल्यास १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर दूरध्वनी करावा.

६. उपसंहार

गावात प्रकरण मिटविण्याचा आग्रह होतो. आरोपी वजनदार असतो, कधी सहकारीही असतो. शाळेच्या अब्रूचा दाखला दिला जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेच्या प्रकरणाची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा शाळेने खबर न दिल्याबद्दल आणि पोलिसांच्या विलंबाबद्दल ताशेरे ओढले. शाळेची अब्रू मौनाने राखली जात नाही, हे त्यावरून दिसते. अपराध सिद्ध करण्याचे काम पोलिसांचे आणि न्यायालयाचे आहे. ऐकणे, टिपणे व त्याच दिवशी कळविणे एवढेच आपले काम आहे. परंतु ते आपण चुकविले, तर पुढचे कोणतेच काम सुरू होत नाही.

केंद्रातील सभेत चर्चेसाठी प्रश्न

१. मुलाला सूचक प्रश्न विचारल्याने तपासास बाध कसा येतो? उदाहरण द्या.
२. “घरचा मामला आहे,” असे म्हणून पालक खबर देऊ नका म्हणतात. शिक्षकाने काय करावे?
३. आपल्या शाळेकडे येणाऱ्या वाटांपैकी कोणत्या निर्जन आहेत? त्यांवरून किती मुले एकटी येतात, याची नोंद करा.