महापालिकेची इमारत आतून पाहता येते का?

प्रश्न : मे महिन्यात मुलांना घेऊन मुंबईला जाणार आहोत. सीएसएमटीसमोरची महापालिका मुख्यालयाची इमारत आतून पाहता येते का?

उत्तर : येते, पण वाटेल तेव्हा आत शिरता येत नाही. जानेवारी 2021 मध्ये तिथे शनिवार-रविवारी मार्गदर्शकासह वारसा फेरी सुरू झाली. तिकिटे काढण्याआधी फेरी चालू आहे ना, याची खात्री करा आणि नोंदणी आधीच करून ठेवा. ओळखपत्र जवळ असू द्या. आत फोटो कुठे काढायचे, ते मार्गदर्शकालाच विचारा. हे चालतं-बोलतं सरकारी कार्यालय आहे.

माझा आग्रह मात्र वेगळा. थोडं लवकर पोहोचा आणि फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्यापाशी मुलांना उभं करा. मान वर केली की दर्शनी भागावर पंख पसरलेली स्त्रीमूर्ती दिसेल. ती म्हणजे 'भारतातलं पहिलं शहर' असं बिरुद मिरवणारी मुंबई. आता पाठीमागे वळून स्थानकाची इमारत बघा. दोन्ही फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्याच हातच्या! मुलांना साम्यं शोधू द्या, त्यात अर्धा तास सहज जातो.

आणखी एक गोष्ट त्यांना नक्की सांगा. 1893 मध्ये पूर्ण झालेल्या महापालिकेच्या इमारतीच्या कामाला 11,88,082 रुपये मंजूर होते. खर्च झाले 11,19,969. सार्वजनिक बांधकामात पैसे उरले, हे मला तिथल्या घुमटाइतकंच देखणं वाटतं.