दोष शोधावा कसा?

वाशीम हे प्राचीन काळचे वत्सगुल्म नगर. वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची येथे राजधानी होती. त्या काळी दूरचा निरोप माणसांच्या किंवा घोड्यांच्या पायांनी येई. आज तो काचेच्या बारीक तंतूतून प्रकाशरूपाने, सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर वेगाने धावतो. तरीही कधी कधी तो घरात शिरताच अडखळतो.

वाशीम शहरातील एका घरी असेच झाले. आजी अंथरुणाला खिळलेली होती. अकोल्याचे डॉक्टर दर सोमवारी इंटरनेटद्वारा तिची विचारपूस करीत. त्या दिवशी मात्र बोलणे तुटू लागले, चित्र थिजले आणि औषधाचे प्रमाण आजीला ऐकूच आले नाही. बाबांनी ते दूरध्वनीवरून विचारून घेतले. “आता याहून महाग जोडणी घेतली पाहिजे,” ते काळजीने म्हणाले.

“बाबा, रोग ओळखल्यावाचून औषध कसे द्यावे?” थोरली मुलगी म्हणाली. तिने वही घेतली.

घरची जोडणी सेकंदाला ४० मेगाबिट वेगाची होती. इतरांचे फोन बंद ठेवून मुलीने संगणक तारेने राउटरला जोडला. वेग ३८ भरला. म्हणजे घरापर्यंतची वाट निर्दोष होती. मग तार काढून त्याच जागी तिने बिनतारी वेग मोजला. तो ३० भरला. तोच संगणक आजीच्या खोलीत नेताच आकडा २ वर उतरला. दोष घरातच होता!

राउटर लोखंडी कपाटामागे जमिनीवर ठेवलेला होता. बिनतारी लहरी धातूवर आदळून परततात व जाड भिंतीतून जाताना क्षीण होतात.

“ताई, राउटर उचलू, कपाट हलवू, सगळेच बदलू!” धाकटा भाऊ म्हणाला.

“एका वेळी एकच बदल करू. नाहीतर गुण कशाने आला, हे कसे कळेल?”

काचतंतू कोठेही मुडपणार नाही, अशी काळजी घेऊन त्यांनी राउटर मधल्या खोलीतील उंच, मोकळ्या फळीवर मांडला. आजीच्या खोलीत वेग १८ झाला. कपाट हलवावेच लागले नाही. तारेनेही वेग कमी भरला असता, तर तेच आकडे दाखवून जोडणी देणाऱ्यांकडे तक्रार करता आली असती.

पुढच्या सोमवारी भावाने त्या वेळेपुरते चित्रपट उतरवणे थांबवले. आजीने औषधाचे प्रमाण स्वतः ऐकले आणि डॉक्टरांना बिनचूक म्हणून दाखवले.

स्वाध्याय
१. महाग जोडणी घेऊनही उपयोग झाला नसता, असे का म्हणता येईल?
२. एका वेळी एकच बदल का करावा?
३. ‘रोग ओळखल्यावाचून औषध कसे द्यावे?’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.