सत्तेचाळीस आणि नलवत्तेळु

कर्नाटकातल्या लोंढा जंक्शनच्या बाजूला मराठी शाळेत लहान वर्गांना गणित शिकवताना जे जमलं आणि जे फसलं, ते.

१. सामान विकत आणू नये. चिंचोके दगडावर घासले की एक बाजू पांढरी होते. चार टाकायचे, पांढरे मोजायचे. चारही काळे पडले तर आठ. खडूनं पाच बाय पाचचा पट आखला की झाला चल्लस-आठ. सोंगटी हलवताना पोरानं बसलेल्या घरालाच ‘एक’ म्हटलं, की त्याचं कुठं अडतंय ते परीक्षेआधीच कळतं.

२. पडलेली दानं फळ्यावर मांडावीत. शंभर मांडली आणि दोन सगळ्यांत जास्त निघाले. “बाई, दोनच का पडत्यात?” चार चिंचोके पडायच्या १६ तऱ्हा आम्ही मांडून पाहिल्या. दोनाच्या सहा, आठाची एकच. त्या दिवशी मराठीचा तास बुडाला.

३. मराठी आकडा उलटा बोलतो. सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतात, म्हणून पोरं ७४ लिहितात. कन्नडमध्ये ‘नलवत्तेळु’, म्हणजे चाळीस आधी. बाजारामुळं इथल्या पोरांना दोन्ही येतं. एका मुलीला कन्नडमध्ये मोजते म्हणून मी वर्षभर दटावलं, ही माझी चूक. पुढं जंक्शनच्या गावाला शोभेल असा खेळ काढला : दहा काड्यांची मोळी म्हणजे डबा, सुट्या काड्या म्हणजे फलाटावरची माणसं. “सत्तेचाळीस!” म्हटल्यावर ती ओठांतल्या ओठांत नलवत्तेळु म्हणाली आणि आधी चार डबे लावले, मग सात माणसं. २०१९ मध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या पुस्तकातल्या ‘वीस एक, वीस दोन’वरून केवढा गदारोळ झाला! सत्तेचाळीस हा शब्द मलाही सोडवत नाही. पण पायरी म्हणून ‘चाळीस सात’ला काय हरकत आहे?

४. बक्षीस ठेवू नये. मी पेपरमिंट ठेवलं, तेच तिघं जिंकत राहिले, बाकीचे खिडकीतून बघत बसले.

५. पालकांना समजावत बसू नये. “बाई, नुसतं खेळवताय काय?” म्हणत एक वडील आले. नली-कली ही खेळत शिकवायची कर्नाटक सरकारचीच पद्धत आहे, १९९५ मध्ये एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झाली, वगैरे मी सांगितलं. ऐकलं नाही. शेवटी त्यांना पटाशी बसवलं. तीन पडले, त्यांनी सोंगटी उचलली.

“पप्पा,” पोरगा म्हणाला, “बसलेलं घर धरायचं नसतंय.”